एक कप जादा: दिवा–सावंतवाडी पॅसेंजरमधलं एक प्रकरण

प्रकरण तसं साधं आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी खेडला लेकीकडे गेल्या होत्या. तिथून आचऱ्याच्या वाटेवरच्या आपल्या गावी परत निघाल्या आणि बटवा लेकीकडेच राहिला. त्यात गाडी लेट. तरीही त्या त्याच रात्री घरी पोचल्या, आणि वाटेत एकदाही त्यांना कुणापुढे हात पसरावा लागला नाही. हे जमलं कसं, कुणाकुणामुळे जमलं आणि कुठे जमलं नाही, ते इथे मांडतो. मी त्याच डब्यात होतो, पण नांदगावला उतरलो. तोवरचं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढचं वस्तीच्या गाडीचा, म्हणजे रात्री गावातच मुक्काम करणाऱ्या एसटीचा कंडक्टर, आजींची सून आणि कणकवली स्टँडवरचा एक कँटीनवाला यांच्याकडून कळलं. नावं आणि वाडी मुद्दाम गाळली आहेत.

पॅसेंजर आणि क्रॉसिंग

आधी गाडीबद्दल, कारण या प्रकरणात अर्धं काम गाडीच्या उशिरानेच केलं. दिव्याहून सकाळी सुटणारी ही पॅसेंजर जवळपास प्रत्येक लहान स्टेशनाला थांबते. डबे अनारक्षित, त्यामुळे जागा बसेल त्याची. रोहा ते ठोकूर हा सगळा मार्ग 26 जानेवारी 1998 ला खुला झाला, पण रोहा–वीर हा तुकडा सोडला तर तो अजून एकेरीच आहे. समोरून गाडी आली की कुणाला तरी बाजूला उभं राहावं लागतं, आणि तो मान बहुतेक वेळा पॅसेंजरचा. जून ते ऑक्टोबर वेळापत्रकच पावसाळी, म्हणजे मुळात सावकाश. शिवाय सर अशी कोसळली की पुढचं दिसेना, तर चालकाला ताशी 40 किलोमीटरच्या वर जायची मुभा नाही. दरडींचा मुलूख आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. रत्नागिरी येईपर्यंतच गाडी दोन तास मागे पडली होती. रत्नागिरीला डबा निम्मा रिकामा झाला आणि उरलेल्यांनी पाय पसरले.

आमच्या खणात खिडकीला आजी. समोर निळ्या साडीतल्या चाळिशीच्या एक बाई, मांडीवर रजिस्टरं भरलेली पिशवी. त्या अंगणवाडीत काम करतात, हे मागाहून कळलं. माझ्या शेजारी शर्ट खोचलेले एक गृहस्थ, बॅग पायांत घट्ट धरून बसलेले. पलीकडच्या खणात पाच नेपाळी पोरं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटींवरचे नेपाळी खलाशी तेवढ्या काळात घरी जातात आणि जुलै संपता संपता परत येतात. ही पोरं देवगडच्या बोटींवर निघाली होती. नांदगाव देवगडला जवळ, पण रात्री तिथे उतरून करायचं काय, म्हणून कणकवलीचं तिकीट.

बटवा

राजापूर रोडला गाडी क्रॉसिंगला लागली. चहावाला आला. आजींनी कमरेला हात घातला, मग पिशवीत, मग पिशवीतल्या पिशवीत. साडी काढून मांडीवर ठेवली, फणसाच्या सुकवलेल्या आठळ्यांचं पुडकं बाहेर काढलं, परत आत टाकलं. चहावाला थांबला होता. "नको रे," म्हणाल्या, जणू चहा नकोच होता. तो पुढे गेल्यावर पुन्हा तीच उलथापालथ, या खेपेला खिडकीकडे तोंड करून.

रेल्वेचं तिकीट पदराच्या गाठीत होतं, ती एक काळजी नव्हती. पैसे, आधार कार्ड आणि घरच्यांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी मात्र बटव्यात. साधा मोबाईल होता, तो चार्जिंगअभावी बंद.

हे पाहणारे आम्ही निदान चौघं होतो. दिसतं सगळ्यांनाच. पण दिसलेल्याचं करायचं काय, हे लगेच सुचत नाही. थेट "पैसे हरवले का?" विचारणं म्हणजे डब्यादेखत त्या बाईला उघडं पाडणं. कोकणातला म्हातारा माणूस उपाशी झोपेल, पण हे चालवून घेणार नाही. निळ्या साडीतल्या बाईंनी पैशाचा विषयच काढला नाही.

"खंय जातास आजी?"

"आचऱ्याच्या वाटेर."

"मगे वस्तीच्या गाडयेन?"

"ती गावली तर."

"तुमचा म्हायार खंयचा?"

झालं. माहेर फोंड्याकडचं निघालं, आणि बाईंची चुलत नणंद फोंड्यालाच दिलेली निघाली. तिचं घर कुठल्या देवळाच्या मागे, तिचा सासरा अजून आहे का, गेल्या जत्रेला कोण आलं होतं, अशी मोजणी झाली. हे सगळं होईपर्यंत आजींचा चेहरा सैल झाला होता. मग त्यांनी स्वतःच, अगदी खालच्या आवाजात, बटवा राहिल्याचं सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि तो विषय तिथेच ठेवला. पाकिटाला हात घातला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या क्षणी शंभराची नोट पुढे केली असती, तर आजींनी ती नाकारली असती आणि बोलणंही तिथेच तुटलं असतं.

चहा

चहावाला डब्याच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरला. पलीकडच्या खणातल्या एका पोराने, मिसरूड नुकतं फुटलेल्या, त्याला थांबवलं आणि बोटांनी सहा दाखवले. पोरं पाच. चहावाल्याने किटलीतून सहा कप भरले. पाच वाटले गेले. सहावा हातात घेऊन तो आमच्या खणाच्या तोंडाशी आला आणि आजींना म्हणाला, "मौसी, एक जादा आ गया. ठंडा हो जाएगा."

सहा त्यानेच सांगितले होते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. आजींनीही पाहिलं असावं.

इथे माझ्या शेजारचे गृहस्थ बोलले. हळू, पण ऐकू येईल असं. "आजी, अनोळखी माणसाकडून काही घेऊ नका. स्टेशनावर ओरडून सांगतात ना." मला ते त्या वेळी खटकलं. पण त्यांना दोष देता येत नाही. गुंगीचं औषध घालून लुटण्याचे प्रकार रेल्वेत घडतात, म्हणूनच त्या सूचना दिल्या जातात. फक्त, हाच कप निळ्या साडीतल्या बाईंनी दिला असता तर ते बोलले असते का, हा प्रश्न उरतोच.

आजींनी काय केलं ते बघण्यासारखं होतं. त्यांनी कपाकडे पाहिलं, चहावाल्याकडे पाहिलं, पोराच्या दुसऱ्या हातातल्या कपाकडे पाहिलं. त्याने तोवर आपल्या कपातला एक घोट घेतला होता. एकच किटली, एकच चहावाला, आणि ओतलेला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांनी कप घेतला. सूचना मोडली म्हणा, पण सूचनेमागचं कारण तपासून मोडली.

मग पदराची गाठ चाचपून, त्यात तिकिटाशिवाय काही नाही याची पुन्हा खात्री करून, विचारलं, "खंयचो रे तू?"

"नेपाल."

"आवस आसा मगे?"

त्याला कळलं नाही. बाईंनी हिंदीत सांगितलं. आहे, म्हणाला.

"तिका फोन कर. पोचलंय म्हणान सांग."

तो हसला आणि आपल्या खणात गेला. बाईंच्या बाबतीत खंयचो-कुणाचोची साखळी फोंड्यापर्यंत जाऊन भिडली होती. इथे एका प्रश्नात संपली, कारण नेपाळात आजींची नणंद नव्हती.

हवाली करणं

वैभववाडी रोडला बाईंना उतरायचं होतं. गाडी तीन तास मागे. वस्तीची गाडी कणकवली स्टँडवरून सुटायच्या बेतात असणार, हे हिशोबाने सगळ्यांना कळत होतं. ज्यांना ही सोय ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रात्री शेवटची फेरी करून जी एसटी गावातच मुक्काम करते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून परत निघते, ती वस्तीची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. ती चुकली की सकाळपर्यंत स्टँड.

बाईंनी डब्यात नजर फिरवली आणि दाराशी उभ्या असलेल्या, खांद्यावर दोराचं वेटोळं टाकलेल्या एका वायरमनला गाठलं. तो कणकवलीला उतरणार, एवढं त्यांनी आधी विचारून घेतलं. "ह्यांका वस्तीच्या गाडयेत बसवन दी. कंडक्टराक सांग." त्याने आजींकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, बरं म्हणाला. त्याला ना बटव्याची हकिगत सांगितली, ना आजींची कीव यावी असं काही बोलल्या. एक माणूस, एक काम, कुठून कुठपर्यंत, एवढंच.

हे कोकणात नवीन नाही. औषधाची पुडी, आंब्याची पेटी, शाळेत राहिलेला डबा ड्रायव्हरच्या हाती देऊन "अमक्या थांब्यावर अमका उभा असेल" म्हणून पाठवणारी ही माणसं आहेत. सगळं नियमात बसतं असं नाही, पण चालतं, कारण देताना नाव, थांबा आणि खूण पक्की सांगितलेली असते. बाईंनी तीच रीत माणसाला लावली. "कुणीतरी बघा हो जरा यांच्याकडे" असं त्या डब्याला उद्देशून म्हणाल्या असत्या, तर मला वाटतं सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि कणकवलीला प्रत्येकजण आपली बॅग उचलून उतरला असता.

मी नांदगावला उतरलो तेव्हा वायरमनने आजींची पिशवी आधीच स्वतःच्या पायाशी आणून ठेवली होती.

स्टँड आणि तिकीट

पुढचं ऐकीव. कणकवली स्टेशनाबाहेर वायरमनने रिक्षा केली. स्टँडवर पोचले तर गाडी नुकतीच बाहेर पडलेली. रिक्षावाल्याने विचारत न बसता रिक्षा वळवली आणि पटवर्धन चौकाच्या अलीकडे हॉर्न मारमारून एसटीला थांबवलं. भाडं वायरमनने दिलं. रिक्षावाल्याने स्टँडपर्यंतचंच घेतलं, पाठलागाचं नाही. वायरमन भिजत उभा राहून कंडक्टरला दोन वाक्यं बोलला आणि गेला. आजींना त्याचं नाव विचारायलाही वेळ मिळाला नाही.

आता तिकीट. इथे एक गंमत आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, पण वय दाखवणारं कार्ड हवं. ते बटव्यात. मात्र 17 मार्च 2023 पासून बायकांना सरसकट निम्मं तिकीट आहे, त्याला तेव्हा कार्ड लागत नव्हतं. म्हणजे म्हातारी म्हणून फुकट जाणाऱ्या आजी त्या रात्री बाई म्हणून निम्म्या तिकिटाच्या झाल्या. तीसेक रुपयांचा प्रश्न होता.

तीस रुपये म्हणजे काहीच नाही, असं आपण म्हणू. कंडक्टरला ते तसं नसतं. तिकीट न फाडता माणूस बसवला आणि वाटेत तपासणी लागली, तर त्याची नोकरी अडचणीत. ड्युटीवर चढतानाच खिशातली खाजगी रक्कम नोंदवावी लागते, आणि बॅगेतले पैसे मशीनच्या हिशोबाशी जुळावे लागतात. त्याने मशीनमधून अर्धं तिकीट काढलं, स्वतःच्या नोंदवलेल्या पैशांतले तीस रुपये बॅगेत टाकले आणि तिकीट आजींच्या हातात दिलं. आजी काही बोलायच्या आत म्हणाला, "सकाळी घेतंय तुमच्याकडसून. मी खंय जातंय? थयच झोपतलंय."

हा माणूस मुक्कामाला त्याच गावात राहणार होता, म्हणून हे बोलू शकला. मुंबईच्या गाडीवर असता, तर तेच तीस रुपये दान झाले असते. इथे ते उधारी झाले, आणि उधारी आजींना मान्य होती. सकाळी सून पैसे घेऊन गाडीपाशी गेली, सोबत दोघांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी. पैसे त्याने मोजून घेतले. "नको हो" वगैरे म्हणाला नाही. बरं केलं.

काय चाललं, काय नाही

या प्रकरणात पैशांचा हिशोब मांडला तर एक चहा, एक रिक्षाभाडं आणि एक अर्धं तिकीट. कुणीही सगळं केलं नाही. प्रत्येकाने आपल्या वाटेवर येईल तेवढंच केलं आणि पुढच्याच्या हाती दिलं. पण ज्यांनी केलं त्यांच्या स्वभावाचीच ही करामत, असं मात्र मला वाटत नाही.

प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन यांनी केलेला 1973 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला, आणि विद्यार्थी भाषण द्यायला निघालेले. ज्यांना वेळ होता त्यांच्यातले 63 टक्के थांबले. ज्यांना उशीर झाल्याचं सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त 10. काहींचं भाषण तर संकटातल्या वाटसरूला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवरच होतं, आणि त्याने फारसा फरक पडला नाही. आमच्या डब्यात तीन तास कुणालाच कुठे जायचं नव्हतं, कारण जाताच येत नव्हतं. हीच माणसं वेगवान गाडीत, आपापल्या आरक्षित जागेवर असती, तर माहेरापर्यंतची चौकशी झाली असती का? मला शंका आहे. राजापूर रोडचं क्रॉसिंग या प्रकरणातलं एक पात्रच मानायला हवं.

दुसरं म्हणजे देण्याची तऱ्हा. पोराने चहा "जादा" केला, बाईंनी मदत चौकशीत गुंडाळली, कंडक्टरने उधारी केली. तिघांनीही घेणाऱ्याला नाही म्हणायची गरज पडू दिली नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा 2022 चा एक अभ्यास आहे. शिकागोत बर्फावर खेळायला आलेल्या लोकांनी अनोळखी माणसांना गरम चॉकलेट दिलं. घेणाऱ्याला त्याने किती बरं वाटेल याचा देणाऱ्यांचा अंदाज सतत कमी पडला. खरं असेल. पण आपल्याकडे अडतं ते त्या अंदाजापाशी नाही, घेणाऱ्याच्या मानापाशी. गरम चॉकलेट घेताना शिकागोच्या माणसाचं काही जात नाही. बटवा हरवलेल्या म्हातारीचं जातं.

आणि आता जे चाललं नाही ते. नेपाळी पोरं कणकवलीला उतरली तेव्हा देवगडची शेवटची गाडी गेलेली होती. रिक्षावाल्यांनी देवगडपर्यंतचं जे भाडं सांगितलं, ते पाचांत वाटूनही परवडणारं नव्हतं. त्यांनी स्टँडच्या बाकांवर रात्र काढली. कँटीनवाला सांगत होता, पावसाची झड आत येत होती, पोरं सरकत सरकत भिंतीला टेकली. त्याने कँटीन बंद करून आतून कडी लावली, कारण "कोण, कुठचे, काय माहीत." बोलताना त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि त्याच्या जागी बहुतेकांनी तेच केलं असतं.

कोकणात मदत मिळते, पण आधी पत्ता लागतो. गाव सांगा, आडनाव सांगा, देवस्थान सांगा, कुठेतरी धागा जुळला की तुम्ही अनोळखी राहत नाही, आणि मग घासातला घास मिळतो. ही पद्धत ज्यांना धागा आहे त्यांच्यासाठी उत्तम. वर्षाचे दहा महिने आपल्या बोटींवर जाळी ओढणाऱ्या किंवा आंब्याच्या बागा राखणाऱ्या माणसांना मात्र हा धागा कुठेच सापडत नाही. मोठ्या आपत्तीत हे निकष गळून पडतात. जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात कुणी वरच्या मजल्यावर घेताना आडनाव विचारलं नव्हतं. पण पूर रोज येत नाही, आणि देवगडची शेवटची गाडी रोज जाते. या साखळीत पहिला खर्च ज्याने केला, त्याच्यापाशीच ती येऊन तुटली. यावर उपाय काय, तर निदान हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यात बोटमालकांनी आपल्या माणसांच्या गाडीची वेळ विचारून स्टेशनावर टेम्पो पाठवावा. त्यात दयाबुद्धीचाही प्रश्न नाही, माणसं त्यांचीच आहेत.

फेड

बटवा खेडला उशीखाली सापडला. आठवड्याभरात कुणा येणाऱ्याबरोबर घरी आला.

निळ्या साडीतल्या बाईंचा शोध आजींनी कंडक्टरमार्फत लावला. वैभववाडीच्या फेऱ्या करणाऱ्यांना त्याने विचारलं. अंगणवाडी, रजिस्टरांची पिशवी, फोंड्याची नणंद एवढ्या खुणा पुरल्या. आठळ्यांचं पुडकं एसटीने रवाना झालं आणि उलट टपाली त्याच वाटेने आमसुलं आली. वायरमन कोण ते कंडक्टरच्या ओळखीत निघालं. त्याने काही घेतलं नाही, पण आजींच्या वाडीत लाइट गेली की आता फोन कुणाला करायचा ते सुनेला माहीत आहे.

उरला तो पोरगा. "चायचे धा रुपये माझ्यार ऱ्हवले," असं आजी म्हणतात. सुनेचं म्हणणं, दहा रुपयांसाठी देवगड बंदरात कुठे शोधायचं, बोटी किती, त्यावरचे नेपाळी किती, आणि त्याने कुठे उधार दिला होता. आजींना ते पटत नाही. जादा चहा कुणी मागवत नसतं, हे आपल्याला काय कळत नाही, म्हणतात. देवगडला जाणारं कुणी भेटलं की त्या अजून विचारतात, मिसरूड फुटलेला, गोरासा, आई असलेला नेपाळी पोरगा कुठल्या बोटीवर आहे का. सून त्यावर हसते, आणि देवगडच्या माहेरवाशिणी आल्या की स्वतःच विषय काढते.